अजून वाजून राहिली

यादोजी कापगते यांच्यावर मी दीड वर्ष रागावलेली होते आणि खरं सांगायचं तर तो राग अजून पुरता गेलेला नाही. माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण ज्याच्या तोंडून "झालं" हा साधा शब्द निघत नाही, त्याला सुनावणार तरी काय?

त्यांच्या तोंडी एकच वाक्य असायचं. मान जरा तिरपी, डोळे मिटलेले, उजव्या हाताचं बोट वर, आणि मग, "आयका. अजून वाजून राहिली."

काय वाजत होतं ते पुढे सांगते. आधी दुकान.

सडक अर्जुनीला हायवेवर दोन ढाब्यांच्या मधे त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. धानाच्या शेतातल्या जळक्या मोटरी दारात ओळीनं पडलेल्या, आत तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास, आणि बाहेरून दिवसभर ट्रकांचा धडधडाट. मागच्या भिंतीला लागून एक सागवानी टेबल होतं. त्या टेबलावर मोटर ठेवायची कोणाची हिंमत नव्हती. तिथे काचेचे व्हॉल्व्ह असायचे. तरुणपणी यादोजी नाटकांच्या मंडपात भोंगे लावायचं काम करायचे, तेव्हाच्या अॅम्प्लिफायरमध्ये हे व्हॉल्व्ह असत, तापले की मंद लाल दिसणारे. पुढे सगळ्यांनी ते फेकून दिले आणि यादोजींनी गोळा केले.

त्यांचं खरं भांडवल मात्र कान. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मोटरीला, मूठ कानाच्या हाडाला, की दोन मिनिटांत निदान. शेतकरी लांबून फोन करायचा, मोटर बिघडली म्हणून. यादोजी म्हणायचे, "फोन मोटरीजवर धर. अजून जवर." हायवेवरून ट्रक जात असला तरी हा माणूस दुसऱ्या कानात बोट घालून डोळे मिटून उभा. मग निकाल. "बेअरिंग गेली. मांगची. काढून आन." मोटर आली की मागचीच बेअरिंग गेलेली असायची. मी हे माझ्या डोळ्यांनी पाचसहा वेळा पाहिलंय. मोबाइलमधून! मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, आणि मोबाइलमधून आवाजाचा किती थोडा भाग पोचतो ते मला माहीत आहे, म्हणून तर जास्तच नवल वाटायचं.

बाकीच्या मेकॅनिकांबद्दल ते एकच बोलायचे. "खोलून पाहू म्हननारे या रोडवर गंज हायेत मॅडम, ढीगभर. खोलल्यावर तं कोनालेबी दिसते."

मी त्यांच्या दारात गेले ती बाबांसाठी. माझे बाबा सौंदडला रेल्वेत चावीवाले होते. रोज रुळावरून चालत जायचं, हातोडीनं ठोकत, आणि आवाजावरून ओळखायचं की कुठे तडा आहे, कुठे चावी ढिली आहे. आता वय त्र्याऐंशी. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. अर्जुनी मोरगावच्या घरात खिडकीजवळ खाटेवर बसलेले असतात आणि त्यांचं सगळं जग कानांवर चालतं. एक ट्रंकभर रेकॉर्डी आहेत त्यांच्याकडे, भीमगीतांच्या, कव्वाल्यांच्या. पगारातून एकेक करून घेतलेल्या. जुना सेट जळाला, तेव्हापासून ट्रंक बंद.

रेकॉर्डच्या खाचेतून सुई जे उचलते ते इतकं बारीक असतं की आधी एका छोट्या मशीननं ते मोठं करावं लागतं. त्याला फोनो प्रीअँप म्हणतात. मी मोबाइलवरून तयार डबा मागवला, चार दिवसांत आला, जोडला. बाबांनी एक गाणं ऐकलं आणि म्हणाले, "माय, हा मानूस पाइपात बसून गाऊन राहिला. यादोले सांग. मंडपातला आवाज त्यालेच मालूम."

तर सांगितलं यादोले! मंडपातल्या दिवसांपासून बाबांना भाऊ म्हणणारे यादोजी म्हणाले, "भाऊसाठी ना? दोन महिन्यात देतो."

मशीनमध्ये दोन व्हॉल्व्ह. पहिल्यानं आवाज मोठा करायचा आणि दुसऱ्याच्या ग्रिडला, म्हणजे आतल्या जाळीला, द्यायचा. सगळे लोक मधे एक कपॅसिटर टाकतात, काम भागतं. यादोजींना ते मंजूर नव्हतं. मधे ट्रान्सफॉर्मरच पाहिजे, इंटरस्टेज, आणि तोही हातानं गुंडाळलेला. "कपॅसिटर आवाज गारून देते मॅडम. क्वाइल हातोहात देते." आता गाळून दिलेला चहा आपण पितोच ना, पण हे त्यांना कोण सांगणार.

अडचण अशी, की दुसऱ्या व्हॉल्व्हची ग्रिड जवळजवळ काहीच ओढत नाही. ट्रान्सफॉर्मरवर भारच नाही. आणि बिनभाराचा ट्रान्सफॉर्मर वाजतो, म्हणजे प्रत्येक सुरामागे आपली स्वतःची एक बारीक किणकिण लावतो. म्हणून ग्रिडला आडवा एक रेझिस्टन्स जोडायचा. तो किती हजार ओहमचा, यावर सगळा खेळ; आकडा जितका लहान तितका भार जास्त. भार कमी पडला की किणकिण राहते, जास्त झाला की आवाज दबतो. यादोजी आपल्या भाषेत सांगायचे, "मानेवर जू नाई तं बैल उधरते. जादा वजन टाकलं तं बसते." एवढंच शास्त्र. मला ते एका तासात समजलं. यादोजींना ते दीड वर्षात संपवता आलं नाही.

पहिले दोन महिने कोंबडीनं खाल्ले. खरंच सांगते. त्या ट्रान्सफॉर्मरला केसासारख्या तारेचे हजारो वेढे, म्हणजे टर्न, लागतात. यादोजी हातमशीन फिरवत मोजायचे आणि दर शंभर टर्नला एका वाटीत धानाचा एक दाणा टाकायचे. मोजत असताना दुकानात कोणी बोलायचं नाही. गिऱ्हाईक आलं तरी दाराशी मुकाट उभं राहायचं, ट्रकवालेसुद्धा. एका सकाळी मी गेले तर यादोजी वाटीकडे बघत बसलेले. ढाब्यावरची कोंबडी टेबलावर चढून वाटी साफ करून गेली होती.

"किती झाले होते?" मी विचारलं.

"तेच तं सांगून गेली नाई ती."

"अहो, अंदाजे धरा की! दहावीस इकडेतिकडे झाले तर काय बिघडतं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परीक्षेत कॉपी करायला सांगितली. "अंदाजानं भात शिजते मॅडम. टर्न नाई होत." आणि अख्खी क्वाइल उलगडून पहिल्यापासून सुरुवात. तार बारीक, उलगडताना तुटली, म्हणजे तीही नवी आणली. पुढच्या वेळी वाटीत चिंचोके होते. कोंबडीला धडा मिळाला नाही, यादोजींना मिळाला, म्हणा.

मग पाचव्या महिन्यात एकदाचं मशीन माझ्या हाती आलं. "अजून जराशी वाजून राहिली, पन भाऊले आयकवून पाहा." मी ते एसटीत मांडीवर घेऊन नवेगावबांधमार्गे घरी आणलं, खड्डा आला की पोटाशी धरत. बाबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसलेले. मी सुई टेकवली. आणि गाण्याच्या आधी घुंऽऽ असा आवाज.

"मोहोळ उठलं का माय?" बाबांनी विचारलं.

झालं होतं असं. यादोजींच्या दुकानासमोर खांबावर डीपी आहे, हायवेच्या त्या अख्ख्या भागाला वीज देणारी. तिचा गुणगुणाट मशीनमधल्या त्या नाजूक क्वाइलला लागायचा. म्हणून यादोजींनी क्वाइल बोटानं हळूहळू फिरवत, ज्या कोनात गुणगुण बंद झाली त्या कोनात ती पक्की केली. कोन इतका वाकडा की डब्याचं झाकण बसेना, तर झाकण मोठं करून आणलं. ती क्वाइल दुकानापुरती बरोबर होती! माझ्या घरासमोर डीपी नाही, आमच्याकडे विजेची गुणगुण दुसऱ्याच बाजूनं येते, त्यामुळे इथे ती वाकडी ती वाकडीच.

मी फोन लावला. पित्त खवळलेलं. "यादोजी, हे मशीन तुम्ही माझ्या बाबांसाठी बनवलं, की तुमच्या डीपीसाठी?"

ते म्हणाले, "हे माह्या ध्यानातच नाई आलं. वापस आना."

मशीन परत गेलं. यादोजींनी क्वाइलला लोखंडी पेटी केली, एकात एक दोन. घुंकार गेला. आणि मग सुरू झालं ते खरं दुखणं. किणकिण.

"आयका. अजून वाजून राहिली."

मी ऐकायचे. मला काही ऐकू यायचं नाही. शेवटी आवाजाची लहर पडद्यावर दाखवणारा कॉलेजातला सीआरओ आणला, प्राचार्यांना लेखी अर्ज देऊन. सत्तेचाळीस हजारांचा रेझिस्टन्स ग्रिडला लावला, पडद्यावर चौकोनी लहर काढली. किणकिण असली तर लहरीच्या कोपऱ्यावर थरथर दिसते. काही नव्हती. कोपरा असा स्वच्छ, जणू पट्टीनं काढलाय. "पाहा," मी म्हटलं, "संपलं. सत्तेचाळीस हजार. सोल्डर करा आणि मला द्या."

त्यांनी अदबीनं पाहिलं. चष्मा पुसून परत पाहिलं. "तुमचा डब्बा बरोबर असन मॅडम. पन मले आयकू येते ना."

तिथून पुढे त्यांनी भार वाढवत नेला. तेहतीस हजार. बावीस. पंधरा. दर खेपेला आवाज आणखी दबायचा. गाणारा दाराआड गेला, मग भिंतीआड गेला. आणि यादोजी बोट वर करून तसेच. मी हात टेकले. शास्त्र कळतं म्हणून चिडावं, की वय पाहून गप्प बसावं, हेच कळेना. घरी बाबा रोज विचारायचे, "यादोचा फोन आला का?" नाही म्हटलं की म्हणायचे, "बनवून राहिला ना. घाई कायले करतेस?" दोन म्हातारे एकीकडे आणि मी एकटी दुसरीकडे.

हिवाळ्यात बाबांना न्यूमोनिया झाला. गोंदियाला अकरा दिवस दवाखान्यात. घरी आले ते अर्धे होऊन. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. एका दुपारी झोपेतच त्यांची बोटं चादरीवर ठेका धरत होती. ते पाहिलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. रेकॉर्ड उचलली, दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि एसटीत बसले. आज मशीन घेऊनच यायचं, वाजो की फुटो.

दुकानात पोचले तर एक शेतकरी मोटर परत घेऊन आलेला. यादोजींनी फोनवर ऐकून बेअरिंग सांगितली होती, नवी घातली होती, आवाज तसाच. यादोजी स्क्रूड्रायव्हर कानाला लावून कितीतरी वेळ उकिडवे बसले होते. शेवटी शेतकऱ्यानंच मोटरीच्या पंख्याचं झाकण हातानं दाबलं तर आवाज बंद. झाकण ढिलं होतं, बस. यादोजींनी स्क्रूड्रायव्हर पुसून ठेवला. मी त्या वेळी त्याचा काही अर्थ लावला नाही, माझ्या रागातच होते.

"यादोजी, आज मला ते द्या."

"आजच दहा हजार लावून पाहिलं. आयका."

रेकॉर्ड लावली. बाबांच्या आवडीचा गायक आता विहिरीच्या तळातून गात होता. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, संतापानं. यादोजींचं बोट वर. आणि तेवढ्यात लाइन गेली.

पंखा थांबला. समोरची राईस मिल थांबली. रेकॉर्ड रडत रडत मंदावली आणि थांबली. व्हॉल्व्हमधली लाली विझली. रस्त्यावर त्या क्षणी ट्रकही नव्हता. इतकी शांतता त्या दुकानात मी कधी ऐकली नव्हती.

यादोजींचे डोळे मिटलेलेच होते. बोट वर.

"आयका," ते म्हणाले. "अजून वाजून राहिली."

मी हळू आवाजात सांगायला हवं होतं. वर्गात मठ्ठ पोराला सांगतानाही मी इतकी तोडून बोलत नाही. पण तेरा महिन्यांचा राग तोंडाशी आलेला. "यादोजी, लाइन गेली आहे. मशीन बंद आहे. ती मशीनमध्ये नाही वाजत, तुमच्या कानात वाजते!"

त्यांनी डोळे उघडले. पंख्याकडे पाहिलं. व्हॉल्व्हला बोट लावून पाहिलं. मग वाकून बंद पडलेल्या मशीनचं बटन बंद केलं. दारातल्या मोटरींकडे एकेक करून पाहत राहिले, आणि मला विचारलं, "कवापासून?"

जणू मलाच माहीत असणार. मघाचा तो शेतकरी तेव्हा मला आठवला, आणि माझीच मला लाज वाटली.

गोंदियाला कानाच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेले. हेडफोन लावून तपासणी झाली, कागदावर एक रेघ आली, सेकंदाला चार हजार कंपनांच्या पुढे उजवीकडे घसरत गेलेली. भोंग्यांजवळ आणि मोटरींजवळ गेलेली चाळीस वर्षं, वय, आता इलाज नाही, असं डॉक्टर म्हणाले. यादोजींनी तो कागद मागून घेतला. बसस्टँडवर बाकावर बसून बराच वेळ वाचला, आणि म्हणाले, "चार हजाराच्या वर आवाज पडला आहे माहा. लोडिंग जादा झालं." मी हसले, मग हसू आवरलं, मग तिकीट काढायच्या निमित्तानं उठून गेले.

त्यानंतर तीन महिने फोन नाही. मी पण केला नाही. तोंड नव्हतं. बाबांना सांगितलं, यादोजींची तब्येत ठीक नाही. ते म्हणाले, "थांबू मंग." हे थांबणंच मला खात होतं. कोण कोणासाठी किती थांबणार?

आणि एका रविवारी सकाळी यादोजी स्वतः दारात उभे. पिशवीत मशीन. या घरी ते पहिल्यांदाच आले होते. डब्याच्या तोंडाला एक नवीन बटन दिसत होतं, पाच खटक्यांचं. मागे पाच रेझिस्टन्स, दहा हजारांपासून दोन लाखांपर्यंत.

"भाऊ," ते बाबांना म्हणाले, "तुमी रूळ ठोकून तडा सांगत होते. आता हे सांगा. मी नाई सांगत."

रेकॉर्ड लागली. यादोजी खाटेशी जमिनीवर बसले, हात बटनावर आणि तोंड खिडकीकडे.

"आता?"

"किनकिन आहे बावा. दात शिवशिवते."

खटका. "आता?"

"आहे अजून. कमी झाली."

खटका. "आता?"

चादरीवर बाबांची बोटं ठेका धरू लागली.

"भाऊ? आता?"

यादोजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी डब्याच्या मागे वाकून कुठला रेझिस्टन्स लागलाय ते पाहिलं. सत्तेचाळीस हजार. वर्षापूर्वी सीआरओवर मी दाखवला होता तोच! किंचाळावंसं वाटलं मला.

यादोजींनी आवाज वाढवून विचारलं, "भाऊ, झालं का?"

"गप बस ना बे," बाबा म्हणाले, "गानं आयकू दे."

बाबांनी त्या दिवशी दुपारपर्यंत अर्धी ट्रंक ऐकली. यादोजींनी मधेच सोल्डरिंगचं काम उरकलं, चार रेझिस्टन्स काढून खिशात टाकले, बटनाची मूठ काढून घेतली. जेवताना बाबा कधी नव्हे ते भात मागून घेऊन जेवले. आमच्या घरातला आवाज यादोजींना कसा वाटला, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

मी त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेले. त्या दिवाळीनंतर त्यांनी दुकान बंद केलं आणि देवरीला मुलीकडे राहायला गेले, त्यामुळे आमची ती शेवटचीच भेट. स्टँडवर गर्दी बेताची होती. गाडी लागायच्या आधी त्यांचा फोन वाजला. कोणा शेतकऱ्याचा, मोटरीचा. यादोजी सवयीनं म्हणाले, "मोटरीजवर धर. अजून जवर." दुसऱ्या कानात बोट घातलं. डोळे मिटले. मी वाट पाहत होते. मान तिरपी झाली, मग सरळ झाली. त्यांनी डोळे उघडले आणि फोन माझ्यापुढे धरला.

"मॅडम, जरा आयका बरं. घरघर आहे का टकटक?"

मी फोन कानाला लावला. वर्षभर ज्या माणसाच्या कानांशी मी भांडले, त्याच्यासाठी आता निदान एवढं तरी करावं म्हणून जिवाचा कान करून ऐकलं. मोटर चालू होती. आवाज होता. घरघर म्हटलं तर घरघर, टकटक म्हटलं तर टकटक. भौतिकशास्त्राची एमएस्सी झालेली मी, मला काहीसुद्धा कळलं नाही.

"यादोजी, मला नाही ओळखता येत हो."

त्यांनी मान हलवली, रागावून नाही. फोन परत घेतला. गाडी येऊन लागली होती, कंडक्टर ओरडत होता. एक पाय पायरीवर ठेवून यादोजी फोनमध्ये म्हणाले, "काढून आन बावा. खोलून पाहू."